विद्यार्थ्याची रोजच्या कामांची यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. शाखा कुठलीही असो: बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, डिप्लोमा. अकरावी-बारावीच्या मुलांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. यादी करून पाहिली, चार दिवस टिकली, मग सुटली, असं बहुतेक जण सांगतात आणि स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात. माझ्या मते दोष बहुधा यादीत असतो. हातात तास किती आहेत हे न मोजता ती लिहिलेली असते. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

माझ्या सगळं लक्षात राहतं. मग लिहायचं कशाला?

लक्षात राहत असेलही, पण ते कधी आठवेल हे आपल्या हातात नसतं. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख अंघोळ करताना आठवते आणि कार्यालयाच्या खिडकीसमोरून जाताना आठवत नाही. वाचायला बसलं की तिसऱ्या ओळीला ‘बोनाफाइड आणायचं राहिलंय’ हे डोक्यात येतं, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते.

मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्धवट काम मनात असलेल्या लोकांचं वाचनातलं लक्ष वारंवार उडत होतं. त्या कामाचं नेमकं नियोजन त्यांना करू दिल्यावर, काम झालेलं नसतानाही, हा त्रास थांबला. म्हणजे अभ्यासाला बसताना डोकं मोकळं हवं असेल तर सगळी कामं आधी संपायलाच हवीत असं नाही. ती कधी आणि कशी होणार हे लिहून ठेवलं तरी पुरतं.

वही बरी की मोबाइलमधलं ॲप?

आजच्या कामांसाठी वही, तारखांसाठी मोबाइल. वही उघडल्यावर समोर फक्त वही असते. मोबाइल उघडला की यादीच्या आधी व्हॉट्सॲपचे सत्तावीस मेसेज दिसतात. पण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला सकाळी नऊ वाजता वही आपल्याला हाक मारत नाही, मोबाइल मारतो. म्हणून फी, फॉर्म, परीक्षा, लायब्ररीचं पुस्तक परत करणं, असं तारखेला बांधलेलं सगळं कॅलेंडरमध्ये जाऊ द्या आणि आठवण दोनदा लावा: एक आठवडाभर आधी, एक दोन दिवस आधी.

ॲपच हवं असेल तर गुगल कीप, गुगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू यांतलं कुठलंही चालेल. नोशनमध्ये सुंदर पानं सजवण्यात रविवार घालवू नका.

नोटीस बोर्डाचा फोटो काढणं म्हणजे नोंद नव्हे, हे मात्र कळकळीने सांगतो. तो फोटो गॅलरीत शेकडो फोटोंखाली जातो. फोटो काढलात तर तिथेच उभं राहून त्यातली तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

एका दिवसाच्या यादीत किती कामं असावीत?

आधी तास मोजा, मग कामं लिहा. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

तालुक्याच्या गावी कॉलेज आहे आणि मुलगी रोज एसटीने जाते-येते. चोवीस तासांतले सात झोपेचे. कॉलेज सहा तास. प्रवास आणि स्टँडवरची वाट मिळून दोन. अंघोळ, जेवणखाण, आवराआवर तीन. घरचं काम (पाणी भरणं, दळण आणणं, धाकट्या भावाचा गृहपाठ) एक. झाले एकोणीस. उरले पाच. या पाचांतून थकवा, मैत्रिणीचा फोन, अचानक आलेले पाहुणे, गेलेली वीज यांचे दोन वजा करा. हातात तीन तास राहिले.

तीन तासांत काय बसतं? तासाभराची दोन मोठी कामं आणि पंधरा-वीस मिनिटांची दोन-तीन छोटी. त्या मुलीच्या वहीत सकाळी बारा कामं असतील तर रात्री सात-आठ उरणारच. रोज रात्री उरलेली कामं पाहून तिला वाटत राहणार की आपल्याकडून काहीच होत नाही. खरं तर तिने तिच्या वाट्याचं पूर्ण काम केलेलं असतं.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतःचा करायचा. हॉस्टेलवर राहणाऱ्याचा प्रवास वाचतो, पण मेसची रांग आणि रूममधली गप्पांची मैफल तेवढाच वेळ खाते. मुंबईत विरारहून किंवा बदलापूरहून लोकलने येणाऱ्याचे प्रवासात तीन-साडेतीन तासही जातात. त्याची यादी हॉस्टेलवाल्या मित्राएवढी लांब असण्याचं कारण नाही.

मी ठरवतो त्यापेक्षा प्रत्येक काम जास्त वेळ घेतं. असं का होतं?

सगळ्यांचंच होतं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तीन संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आलं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. ‘सगळं काही बिनसलं तर किती लागतील’ याचा अंदाजही त्यांच्याकडून घेतला होता. तो ४९ दिवसांच्या आसपास होता, म्हणजे तोही अपुरा पडला.

काम मनात योजताना आपण ते विनाअडथळा पार पडताना पाहतो. उपाय साधा आहे: मागच्या वेळी तसंच काम किती वेळात झालं होतं ते आठवा आणि तोच आकडा लिहा. मागच्या प्रॅक्टिकलचं लिखाण दीड तास चाललं असेल, तर या वेळी ‘अर्ध्या तासात उरकतो’ असं लिहू नका. सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक कामापुढे लागलेला खरा वेळ टिपलात की अंदाज आपोआप सुधारतात.

‘अभ्यास करणे’ असं लिहितो, पण बसवतच नाही.

कारण ‘अभ्यास करणे’ कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे त्या दोन शब्दांत नाही. वही उघडल्यावर पुन्हा विचार करावा लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी हात मोबाइलकडे जातो.

काम असं लिहा की दुसऱ्या कुणाच्या हातात वही दिली तरी त्याला नेमकं काय करायचं ते समजेल. ‘मॅथ्स’ऐवजी ‘लॅप्लास ट्रान्सफॉर्म: सोडवलेली पहिली सहा गणितं पुस्तक झाकून’. ‘अकाउंट्स’ऐवजी ‘भागीदारी विसर्जनाचं मागच्या वर्षीच्या पेपरमधलं एक गणित, घड्याळ लावून’. ‘इतिहास वाचणे’ऐवजी ‘सत्यशोधक समाजावरची टिपणं वाचून दहा ओळी स्वतःच्या शब्दांत’. काम संपलं की नाही हे हो किंवा नाही इतक्या स्पष्टपणे सांगता आलं पाहिजे.

त्यापुढे वेळ आणि जागाही लिहा: ‘साडेपाच वाजता, चहा झाल्यावर, अभ्यासिकेत’. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवून नोंदवलं, त्यांच्यात अहवाल पाठवणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. एवढ्याशा नोंदीने इतका फरक पडत असेल तर ती न करण्याला काही कारण उरत नाही.

यादी सकाळी करावी की रात्री?

रात्री, झोपायच्या आधी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अंथरुणावर पडण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, उरलेल्यांनी झालेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. ज्यांची यादी जास्त नेमकी, त्यांना आणखी लवकर. सकाळी फक्त नजर टाका. एखादं लेक्चर रद्द झालं असेल तर तेवढा बदल करा.

पाच कामं समोर आहेत. पहिलं कुठलं?

तातडीचं आणि महत्त्वाचं असे चार चौकोन आखायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. चांगली आहे, पण विद्यार्थ्याला रोज चौकोन आखायची गरज नसते. मी दोनच प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला: हे काम दुसऱ्या कुणावर अवलंबून आहे का? सरांची सही, कार्यालयाचा शिक्का, झेरॉक्सवाल्याकडचं बाइंडिंग, गावाहून वडिलांनी पाठवायचा दाखला. असं काम सकाळीच मार्गी लावा, कारण ती माणसं रात्री अकरा वाजता सापडत नाहीत. वाचन रात्री अकरालाही होतं.

दुसरा: हे काम आज केलं नाही तर उद्या ते वाढेल का? आजचं प्रॅक्टिकल आज लिहिलं नाही तर आठवड्याने रीडिंग्ज कशाच्या होत्या हेही आठवत नाही. गणिताचा तास चुकला तर पुढचा तास कळत नाही. ही कामं वर घ्या. बाकीची थांबू शकतात.

जर्नल आणि सबमिशन दर वेळी शेवटच्या आठवड्यात का तुंबतं?

याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण इथे मुलांची सगळ्यात जास्त झोप वाया जाते.

जर्नल लिहिणं ही एकच गोष्ट वाटते, पण त्यात चार कामं असतात. उद्दिष्ट, साहित्य आणि कृती लिहिणं. रीडिंग्ज आणि आकडेमोड. आलेख किंवा आकृती. आणि तपासून सही घेणं. पहिलं काम प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी होऊ शकतं, आणि केलं तर प्रयोगशाळेत आपण काय करतोय हेही कळतं. दुसरं आणि तिसरं त्याच दिवशी संध्याकाळी. चौथं पुढच्या प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला. यादीत ही चार कामं तीन दिवसांत वाटली गेली, तर प्रत्येकाला फार तर अर्धा तास लागतो.

तीच दहा प्रॅक्टिकलं शेवटच्या आठवड्यात आली की चाळीस छोटी कामं एकदम उभी राहतात. त्यात सहीचं काम तुमच्या वेगाने चालत नाही. अख्ख्या बॅचची जर्नलं सरांच्या टेबलावर असतात. सर्टिफाय न झालेलं जर्नल घेऊन बहुतेक ठिकाणी प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. आदल्या रात्री मित्राचं जर्नल समोर ठेवून उतरवलेली पानं व्हायवात अंगाशी येतात: आलेखाचा उतार काय सांगतो, या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं.

म्हणून सत्राच्या पहिल्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखा. डावीकडे प्रॅक्टिकलचे क्रमांक, पुढे चार रकाने. प्रत्येक विषयाला एक तक्ता. रविवारी पाच मिनिटं तो पाहायचा आणि रिकामा रकाना दिसला की सोमवारच्या यादीत टाकायचा. असाइनमेंट आणि टर्म वर्कलाही हेच लागू.

शिष्यवृत्ती, दाखले, परीक्षेचे फॉर्म यांचं काय? ही कामं यादीत धरायची का?

धरायचीच, आणि वेगळ्या पानावर धरायची. अभ्यासाच्या नियोजनाबद्दल बोलणारे बहुतेक लोक ही कामं विसरतात. आपल्याकडे हजारो मुलांचं शिक्षण या कागदांवर टिकून आहे, आणि तारीख चुकली तर वर्षाची रक्कम जाऊ शकते.

ही कामं एकमेकांना साखळीने बांधलेली असतात. महाडीबीटीवरचा अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयाकडून मिळतो, अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. नॉन-क्रीमीलेअर हवं असेल तर उत्पन्नाचा पुरावा आधी हातात असावा लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, म्हणून ते खातं चालू आहे ना आणि आधार त्यालाच जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन पाहणं हेसुद्धा एक काम. अर्ज भरल्यावर तो कॉलेजकडून तपासला जातो आणि चूक असेल तर परत येतो, त्यामुळे ‘सबमिट’ दाबलं की झालं असं समजू नका. दर काही दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहणं हीही यादीतली एक ओळ आहे. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो.

नियोजन शेवटच्या तारखेपासून उलटं करा. अर्ज शेवटच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी भरायचा असं धरा, कारण शेवटच्या दिवसांत वेबसाइट मंदावते. त्याच्या आधी दाखले मिळायला लागणारा वेळ. त्याच्या आधी दाखल्यासाठी वडिलांकडून मागवायचे कागद. असं मागे मागे जात आलात की कळतं, पहिलं काम आजच्या संध्याकाळचं आहे: घरी फोन करून कागद फोटो काढून पाठवायला सांगणं.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या सेवा, त्यांत हे दाखलेही येतात, ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक आहे. अर्जाची पोचपावती जपून ठेवा आणि तिच्यावरची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. त्या दिवशी दाखला आला नाही तर चौकशी करायची, हे आधीच ठरलेलं राहील.

परीक्षा फॉर्मचं तसंच: विनाविलंब, विलंब शुल्कासह आणि अतिविलंब शुल्कासह अशा तारखा जाहीर होतात. कॅलेंडरमध्ये फक्त पहिली घाला.

नोकरी करून शिकतो. मला या सगळ्याला वेळ कुठून मिळणार?

तुमची यादी दोन ओळींची असू द्या, त्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून महाराष्ट्रात काम करून शिकण्याची परंपरा आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत आजही कितीतरी मुलं सकाळी लायब्ररीत किंवा बागेत काम करून मग तासाला बसतात.

कामाच्या दिवशी एक अभ्यासाचं काम आणि एक बाहेरचं, एवढंच धरा. प्रवासात होणारी कामं वेगळी काढून ठेवा: व्याख्या पाठ करणं, रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकणं. सुट्टीचा दिवस मात्र आधी अर्धा मोकळा सोडा. सहा दिवस राबलेल्या माणसाने सातव्या दिवशी दहा तास अभ्यास ठरवला तर तो होत नाही.

२५ मिनिटांचा टायमर लावावा का?

ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः विद्यार्थी असताना शोधली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याने वापरलं होतं, म्हणून तिचं नाव पोमोडोरो. लिखाण, पाठांतर, कंटाळवाणी फाइल पूर्ण करणं यांना उत्तम. अवघड गणितात मात्र विसाव्या मिनिटाला सूर सापडतो आणि पंचविसाव्याला घंटा वाजते. तिथे ५० मिनिटं लावा.

एकच काम रोज पुढच्या पानावर जातंय. काय करू?

तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की थांबा आणि कारण शोधा. काम फार मोठं असेल तर तोडा. नेमकं काय करायचं तेच माहीत नसेल, तर ‘सरांना विचारणे’ हे आजचं काम. भीती वाटत असेल, उदाहरणार्थ केटी लागलेल्या, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या, विषयाचं पुस्तक उघडायची, तर पहिलं काम फक्त अनुक्रमणिका वाचून येणाऱ्या आणि न येणाऱ्या प्रकरणांवर खूण करण्याचं. आणि ते करायची गरजच उरली नसेल तर खोडून टाका.

गणपती, दिवाळी, घरचं लग्न आलं की सगळं विस्कटतं.

ते दिवस आधीपासून माहीत असतात. सत्र सुरू होताना कॅलेंडरमध्ये सण, गॅदरिंग, घरची कार्यं रंगाने भरून टाका आणि त्या दिवशी अभ्यासाचं काम शून्य धरा. कोकणात गणपतीला जाणाऱ्याने जाण्या-येण्याचे दिवसही भरावेत. पुस्तकं बरोबर नेऊन, एकही न उघडता परत आणण्यापेक्षा सणात मनापासून असावं. हिवाळी परीक्षा बऱ्याच विद्यापीठांत दिवाळीच्या आगेमागे येते, त्यामुळे तो महिना आधीच दिसला तर सप्टेंबरमध्ये दोन प्रकरणं जास्त घेता येतात.

आई-वडिलांनी मुलांची यादी करून द्यावी का?

नको. दुसऱ्याने करून दिलेली यादी पाळायची की टाळायची, एवढाच प्रश्न मुलापुढे राहतो. वेळेचा अंदाज घ्यायला तो शिकत नाही. घरच्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. घरची कामं कधी लागणार हे आदल्या दिवशी सांगावं, ऐन वेळी नव्हे. आणि मुलगी अभ्यासाला बसलेली असताना ‘जरा उठ गं’ ही हाक भावाइतकीच कमी मारावी. अनेक घरांत मुलींच्या मोकळ्या तासांचा हिशेब इथेच बिघडतो.

दोन-तीन आठवडे यादी लिहिलीच नाही. पुन्हा सुरुवात कशी करू?

जुनी पानं उलटून राहिलेलं सगळं गोळा करत बसू नका. कोरं पान घ्या, उद्याची तारीख लिहा आणि तीनच कामं लिहा. पहिलं पंधरा मिनिटांत होणारं असू द्या. मधल्या काळात तारीख उलटून गेलेल्या गोष्टींपैकी फॉर्म, फी किंवा शिष्यवृत्तीचं काही असेल तर तेच पहिलं काम करा. विलंब शुल्काची मुदत बऱ्याचदा बाकी असते. उद्या कॉलेजचं कार्यालय उघडताच जाऊन विचारा.